रुळाचं दुखणं कसं कळतं?

आमच्या घरात लहानपणी दोन हातोडे होते. एक घरचा. खिळे ठोकायला, नारळ फोडायला, क्वचित भावंडांच्या भांडणात धाक घालायला. दुसरा अब्बांचा. लांब दांड्याचा, आणि त्याला आम्ही हात लावलेला चालत नसे. अब्बा रेल्वेत चावीवाले होते. कागदोपत्री त्या हुद्द्याला कीमन म्हणतात. शाळेत वडिलांचा धंदा विचारला की मी ‘चावीवाले’ असं सांगायचो आणि मुलं समजायची, कुलपं दुरुस्त करत असतील.

ही चावी कुलपाची नव्हे. त्या काळी आमच्या भागात बीडाचे स्लीपर होते. त्यांच्यावर रूळ घट्ट धरून ठेवायला लोखंडी पाचर ठोकलेली असायची, तिला चावी म्हणत. गाड्यांच्या हादऱ्यानं चाव्या सैल व्हायच्या, कधी निघून पडायच्या. चावीवाल्यानं रोज आपल्या वाट्याचा पाच-सहा किलोमीटरचा पट्टा पायी चालायचा, जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. सैल चावी ठोकायची, बोल्ट आवळायचा. आता सिमेंटचे स्लीपर आले, चावीच्या जागी स्प्रिंगसारखी वळवलेली पोलादी क्लिप आली. चावी गेली, पण चावीवाल्याचं नाव तेच राहिलं.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. तरी आकाशवाणीनं रेल्वेच्या रुळांवर बोलाल का असं विचारलं, तेव्हा लगेच हो म्हणालो. अब्बांमुळे अर्धा विषय घरातलाच होता. उरलेला अर्धा एका ओळखीच्या रेल्वे इंजिनिअरांना छळून समजावून घेतला. चुकलं तर दोष माझा.

मुंबईकर श्रोत्यांना या विषयाची ओळख दर रविवारी होते, ती मेगाब्लॉकच्या बातमीतून. आपण वैतागतो. लग्नाला निघालेली माणसं ठाण्याला अडकतात. पण रुळाला काय झालंय हे आधी कुणीतरी शोधलेलं असतं, म्हणून तो ब्लॉक असतो. हे शोधायचं कसं, त्याचीच ही गोष्ट.

आधी रुळाचं वय. मला वाटायचं, रूळ बसवल्यापासून वर्षं मोजत असतील. तसं नाही. रुळाचं आयुष्य वजनात मोजतात. त्याच्यावरून आजवर किती टन भार गेला, त्याची बेरीज ठेवतात. दशलक्ष टनांच्या या मापाला रेल्वेची माणसं जी.एम.टी. म्हणतात. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळासाठी आपल्याकडच्या नियमपुस्तिकेत बरीच वर्षं ८०० जी.एम.टी. हा आकडा होता, म्हणजे ८० कोटी टन. जुन्या, मीटरला ५२ किलोच्या रुळासाठी तो ५२५ होता. एखाद्या मार्गावरून वर्षाला चार कोटी टन जात असतील, तर ६० किलोचा रूळ वीस वर्षांत म्हातारा झाला. त्याच हिशेबानं वर्षाला वीस लाख टनांच्या आडमार्गावर तो चारशे वर्षं टिकायला हवा! टिकत नाही, कारण त्याआधी गंज त्याला खातो.

हे टन येतात कुठून? एका मोठ्या मालगाडीला ५८ वाघिणी असतात. प्रत्येक वाघिणीला चार आस. म्हणजे एक गाडी गेली की प्रत्येक रुळावरून २३२ चाकं गेली, एकेका चाकावर दहा टनांच्या आसपास भार. आणि चाक रुळाला टेकतं ते जेमतेम एका लहान नाण्याएवढ्या जागेत. नाण्याएवढ्या जागेवर दहा टन, पुन्हा पुन्हा, रात्रंदिवस. पोलादही थकतं. थकणं हा माझा कवीचा शब्द नाही बरं का, इंजिनिअरही हाच शब्द वापरतात.

ही थकावट दोन ठिकाणी दिसते. एक, रुळाच्या माथ्यावर. तिथं बारीक चिरा पडतात, माथा झिजतो, कडेला पोलादाची पापुद्र्यासारखी साल निघते. ते डोळ्यांना दिसतं. दुसरी आत, आणि ती दिसत नाही. रूळ ओतताना पोलादात एखादा मळीचा कण राहिला असेल, हायड्रोजन अडकला असेल, तर तिथं एक सूक्ष्म भेग तयार होते. प्रत्येक चाकासरशी ती केसाच्या अंशानं वाढते. बाहेरून रूळ चकचकीत. गाड्या जातायत. आणि एके दिवशी, बहुधा थंडीच्या पहाटे, तो तुटतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर इथं ऑगस्ट १९११ मध्ये असंच झालं. रूळ तुटून गाडी पुलावर घसरली, २९ माणसं गेली. तपासात तुटलेल्या रुळाच्या पोटात आडवी भेग सापडली, बाहेरून तिचा मागमूस नव्हता. अशा भेगा हुडकायच्या कशा या प्रश्नानं पुढं अनेकांना झपाटलं. जहाजांच्या होकायंत्रामुळे नाव कमावलेले एल्मर स्पेरी हे त्यांतले एक. १९२८ मध्ये त्यांची तपासणी गाडी रुळांवर धावू लागली. रुळातून वीज सोडायची, आत भेग असेल तर विजेला वळसा घालावा लागतो, आणि तो बदल यंत्र टिपतं. ध्वनिलहरींची पद्धत त्यानंतर आली.

आमच्या अब्बांची पद्धत त्याहून जुनी, हातोड्याची. शंका आली की ते रुळावर किंवा चाव्यांवर ठोकून बघत. घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो, सैल किंवा फुटका असेल तर बद्द. मातीचं मडकं घेताना आई टिचकी मारून बघते, तसंच. अब्बांचा कान तयार होता. घरात पितळेचं पातेलं पडलं तरी ते आतल्या खोलीतून सांगायचे, “पोचा आला असेल बघा.” आणि आलेला असायचा.

मी शाळेत असतानाची गोष्ट. अब्बांच्या पट्ट्यात एक नवी ट्रॉली आली. दोन चाकं एका रुळावर, दोन दुसऱ्यावर, मधे एक पेटी, तिला छोटा पडदा. एक माणूस ढकलतोय, एक पडद्याकडे बघतोय आणि रुळावर सारखं पाणी सांडतंय. लोकांना वाटलं, रूळ धुतायत.

ती अल्ट्रासॉनिक तपासणी. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या ट्रॉलीतून वीस ते चाळीस लाख कंपनांचा आवाज रुळात सोडतात. पोलादात तो सेकंदाला जवळपास सहा किलोमीटरच्या वेगानं जातो. ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच. माथ्यावरून निघालेली लहर तळाला आपटून परत यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे साधारण ५८ भाग लागतात. ती त्याआधीच परत आली, तर मधे काहीतरी आडवं आलं. बाळाची सोनोग्राफी करतात ना, नेमकं तेच. तिथं पोटावर जेल लावतात, इथं रुळावर पाणी, कारण मधे हवेचा पातळ थर राहिला तरी लहर आत शिरत नाही, वरूनच माघारी फिरते.

सरळ खाली जाणारी लहर आडवी पसरलेली भेग पकडते. पण उभी भेग तिला सापडत नाही, कागदाची कड वरून बघितली तर रेघच दिसते तसं. म्हणून तिरप्या लहरी लागतात, ७० अंशाच्या, एक पुढं बघणारी आणि एक मागं बघणारी. रुळाच्या माथ्यातली जीवघेणी भेग त्याच पकडतात. तिचा आकार मूत्रपिंडासारखा असतो, म्हणून रेल्वेत तिला सरळ ‘किडनी’ म्हणतात.

तर त्या ट्रॉलीनं अब्बांच्या पट्ट्यात एका जागी दोष दाखवला. साहेबांनी रुळाच्या पोटावर लाल रंगानं तीन फुल्या मारल्या. एक फुली म्हणजे लक्ष ठेवा. तीन म्हणजे ताबडतोब काढा. तोवर तिथं आधाराच्या पट्ट्या बसवून गाड्या सावकाश सोडायच्या आणि तीन दिवसांच्या आत रूळ बदलायचा. अब्बा तिथंच उभे होते. त्यांनी हातोडा मारून बघितला. खणखणीत. पुन्हा मारला. खणखणीत. ते म्हणाले, साहेब, मशीन चुकतंय. साहेब तरुण होते, पण माणूस चांगला. हसले नाहीत. म्हणाले, “काढल्यावर बघू.”

रूळ काढला. दोषाच्या जागी त्याला खाच पाडून तो तोडला, तेव्हा आत सुपारीएवढा काळपट, गुळगुळीत डाग निघाला. बाकी तुटलेलं पोलाद खरबरीत, राखाडी. अब्बा त्या रात्री जेवताना फारसं बोलले नाहीत. अम्मीनं विचारलं तेव्हा म्हणाले, “लोहा झूट नई बोलता, समझा था मैं.” कितीतरी वर्षं रोज ते त्या रुळावरून चालले होते. दुसऱ्या दिवसापासून हातोडा मारणं त्यांनी सोडलं नाही, पण ट्रॉली आली की ते तिच्यासोबत स्वतःहून पाण्याचा डबा धरून चालू लागले.

अशी भेग सुटली तर काय होतं, ते आपल्या देशानं २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ पाहिलं. तुटलेल्या रुळामुळे फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या मार्गावर आले आणि समोरून येणारी जम्मू तावी–सियालदह एक्स्प्रेस त्यांवर आदळली. दोनशेवर माणसं गेली.

पण दोष कळला म्हणजे संकट टळलं असंही नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडात हॅटफिल्डजवळ लंडनहून लीड्सला जाणारी गाडी १८५ किलोमीटरच्या वेगानं एका वळणावर आली आणि चाकांखाली रुळाचे शेकडो तुकडे झाले. चौघे दगावले. रुळाच्या कडेला बारीक चिरा पडल्याचं आधीच ठाऊक होतं. रूळ बदलायचंही ठरलं होतं. ते राहून गेलं. नंतर घाबरून त्या देशात बाराशेच्या वर ठिकाणी वेग कमी केला, महिनोन् महिने वेळापत्रक कोलमडलं, आणि रूळ सांभाळणारी खासगी कंपनी पुढं दोन वर्षांत गुंडाळली गेली. इंजिनिअर मित्र म्हणाले, तपासणीच्या वहीत शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, ‘काय केलं?’

आता एकेक रूळ निरोगी असून भागत नाही. दोन रुळांची जोडी जमायला हवी. आपल्या रुंद मार्गाचं अंतर १६७६ मिलिमीटर. गाडीला रुळावर धरून ठेवतो तो चाकाच्या आतल्या बाजूचा काठ, आणि त्याची उंची जेमतेम तीन सेंटिमीटर! एवढ्याशा काठावर आपण वरच्या बर्थवर निर्धास्त झोपतो. रूळ कुठं बसला, कुठं सरकला, दोघांत उंचसखलपणा आला, तर तो काठ वर चढू शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे पीळ. चारपाईचा एक पाय आखूड असला की ती डुगडुगते. वाघिणीचंही तसंच, चारांपैकी एका चाकावरचा भार हलका होतो आणि ते चाक रुळावर चढतं.

हे मोजायला लखनौच्या आर.डी.एस.ओ. या रेल्वेच्या संशोधन संस्थेची खास गाडी फिरते. नेहमीच्या गाडीच्या वेगानं धावत ती दोन्ही रुळांतलं अंतर, उंचसखलपणा, पीळ, सरळपणा सगळं नोंदवत जाते. पूर्वी लांबच लांब कागदावर रेघा उमटायच्या, हृदयाच्या कार्डिओग्रामसारख्या. आता लेसर आणि कॅमेरे आहेत, आणि मोजमाप संगणकात जातं. शिवाय एक लहान पेटी असते, ती साध्या प्रवासी डब्यात ठेवतात. डबा किती हादरतो, उभा आणि आडवा, ते ती मोजते आणि ठरलेल्या मर्यादेवरचे धक्के किलोमीटरसह लिहिते. मग तिथं गँग जाते किंवा खडी ठासणारं मोठं मशीन जातं. खडीचं काम सामान्य वाटतं, पण गाडीखालची सगळी लवचीक गादी तीच. तिच्यात माती भरली की पाणी साचतं, स्लीपर पंपासारखा खालीवर होतो. म्हणून काही वर्षांनी सगळी खडी उपसून चाळतात. तुमच्या मेगाब्लॉकात पुष्कळदा हेच चाललेलं असतं.

आणि ऋतू. पूर्वी तेरा-तेरा मीटरचे रूळ फिशप्लेटनं जोडलेले असायचे, मधे फट. गाडीचा तो खडाड्खट् ठेका त्या फटींचा होता. आता रूळ वितळजोडानं एकसंध केलेले असतात, ठेका गेला. (कवींचं नुकसान झालं, प्रवाशांची झोप सुधारली.) पण पोलाद तापलं की वाढणारच. एक किलोमीटर रूळ एका अंशाला साडेअकरा मिलिमीटर वाढू पाहतो. थंडीतल्या पहाटे १५ अंश आणि उन्हाळ्याच्या दुपारी रूळ ६० अंशांवर, म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक. त्याला वाढू देत नाहीत, स्लीपर आणि खडी त्याला दाबून धरतात. मग तो जोर रुळातच कोंडतो. ६० किलोच्या रुळात दर अंशाला जवळपास दोन टन. ठरवलेल्या तापमानापेक्षा तीस अंश वर गेलं की साठ टन दाब. खडी कमी पडली तर रूळ सापासारखा वाकडा होतो. थंडीत उलट, तितकीच ओढ बसते, आणि आत भेग असेल तर ती फाटते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ‘रुळाला तडा, लोकल उशिरानं’ ही बातमी येते ती त्यामुळेच. म्हणून उन्हाळ्यात दुपारची गस्त, थंडीत पहाटेची गस्त, पावसाळ्यात रात्रीची. कोकण रेल्वेवर तर रूळ धड असूनही डोंगर खाली येतो. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ पन्नासच्या वर माणसं गेली, तेव्हा रुळावर दरड होती. तिथं आजही पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं आणि हातात दिवा घेऊन माणसं चालतात.

या यंत्रांनाही न दिसणाऱ्या जागा आहेत. माथ्यावरून सोडलेली लहर रुळाच्या मधल्या पट्टीतून सरळ खाली जाते, पण तळाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या पायांपर्यंत पोचत नाही. जोडाच्या तळाशी चंद्रकोरीसारखी भेग पडली तर ती वेगळ्या प्रकारे, हातानं तपासावी लागते. समुद्राकाठी त्याच तळाला गंज लागतो. डब्यांतल्या शौचालयांचं पाणी वर्षानुवर्षं रुळावर पडायचं, त्यानंही हेच केलं. २०१९-२०च्या सुमारास जैव-शौचालयं सगळीकडे बसली, तेव्हा कुठं रुळांना थोडी सवड मिळाली.

अशाच एका जोडाची दुसरी गोष्ट अब्बांनी आम्हाला कधी सांगितली नाही. ती त्यांच्या गँगच्या मुकादममामांकडून कळली, अब्बा निवृत्त झाल्यावर. जानेवारीतली पहाट, धुकं. ट्रॉलीची तपासणी नुकतीच होऊन गेलेली, सगळं ठीक. अब्बांना जोडाशी बोटभर फट दिसली. दुसरं कुणी सोबत नव्हतं. नियम असा, की ज्या बाजूनं गाडी येणार त्या बाजूला आधी धावायचं. ६०० मीटरवर रुळांवर आडवं लाल कापड बांधायचं, पुढं १२०० मीटरवर रुळावर तीन फटाके लावायचे, दहा-दहा मीटरवर. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरला कळतं. पन्नाशीतला दम्याचा माणूस, पिशवी आणि हातोडा घेऊन सव्वा किलोमीटर खडीतून धावला. तिसरा फटाका लावून बाजूला झाला आणि मालगाडी आली. मुकादममामा म्हणाले, “थांबली तेव्हा इंजिन कापडाला टेकलं होतं. तुझे वडील खडीतच बसले होते. मी पाणी दिलं तर म्हणाले, आधी फटीखाली लाकूड द्या.” लाकडाचा ठोकळा दिला, मधे बाक असलेल्या फिशप्लेटा क्लँपनं आवळल्या आणि ती गाडी माणसाच्या चालीनं पुढं काढली.

मी त्याच वर्षी कॉलेजात पहिली कविता छापून आणली होती. घरी फार मोठेपणा केल्याचं आठवतं.

२०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीनं रेल्वेच्या सुरक्षिततेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये लागतील असं सांगितलं. २०१७-१८ मध्ये तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोश जाहीर झाला. त्यानंतर रूळ बदलण्याला वेग आला. आता चावीवाल्याच्या पाठीवर जी.पी.एस. असतं, तो किती चालला ते कार्यालयात दिसतं. त्याला येणाऱ्या गाडीची आगाऊ सूचना देणारं ‘रक्षक’ नावाचं उपकरण काही भागांत आलं आहे. माझ्या मते पहिल्यापेक्षा दुसरं आधी सगळीकडे पोचायला हवं होतं. रूळ बघणारा माणूस खाली बघत चालतो, आणि दुहेरी मार्गावर एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही. अब्बांच्या गँगमधले दोघे असे गेले. त्यांच्या मुलांबरोबर मी शाळेत होतो.

मागच्या हिवाळ्यात त्या इंजिनिअर मित्रांबरोबर आमच्या जुन्या स्टेशनच्या यार्डात गेलो होतो. मुख्य मार्गावरून काढलेले रूळ भंगारात जात नाहीत लगेच. तपासून, चांगले असतील ते कमी वाहतुकीच्या मार्गावर, साइडिंगला वापरतात. प्रत्येक रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं असतात, कारखाना, वजन, महिना, वर्ष. एका साइडिंगला मी वाकून वाचलं. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीचा रूळ. कुणी सांगावं, अब्बांच्या पट्ट्यातलाच असेल. हातोडा नव्हता, खिशातल्या घराच्या किल्लीनं ठोकला. आवाज चांगला आला. मित्र म्हणाले, “याची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.”